जुन्या रिसीव्हरचा एक चॅनेल अधूनमधून जातोय? आवाज वाढवू नका

डावा स्पीकर गप्प होतो, आवाज वाढवला की ‘खर्र’ करून परत येतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. सत्तरच्या दशकातल्या रिसीव्हरची, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या सेटची, ही ठरलेली तक्रार. माझ्याकडे १९७८ चा पायोनियर एसएक्स-७८० आहे, दर चॅनेलला ४५ वॅटचा. त्याच्यावर आणि नंतर हाताखालून गेलेल्या इतर सेटवर जे शिकलो ते सांगतो.

‘सगळे कपॅसिटर बदलून टाका’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. येत-जात राहणाऱ्या चॅनेलमागे बहुतेक वेळा काळा पडलेला एखादा कॉन्टॅक्ट असतो: स्पीकरचा रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), टेप मॉनिटरचं बटण (टेपचा आवाज ऐकण्यासाठीचं) किंवा व्हॉल्यूमचं पॉट (फिरवायच्या बटणामागचा बदलता रेझिस्टर). कुठला, हे कळण्याआधी सोल्डरिंगची बंदूक हातात घ्यायची नाही.

स्पीकर, वायरी आणि गाणी वाजवायला जोडलेल्या फोनची केबल डावी-उजवी बदलून आधी निर्दोष ठरवा. ही अदलाबदल सेट बंद करूनच करा. चालू सेटमध्ये स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर आउटपुटचा आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जाऊ शकतो, आणि ७८० मधला एसटीके-००५० आज अस्सल मिळणं अवघड आहे. नकली बरेच फिरतात.

आता खरी अडचण. हा बिघाड हात लावला की पळतो. आवाज वाढवला, बटण दाबलं, सेट बंद करून चालू केला, यातलं काहीही केलं तरी कॉन्टॅक्टवरचा थर तात्पुरता तुटतो आणि सेट नीट वाजायला लागतो. पुरावा गेला. म्हणून झाकण आधीच काढून ठेवा, फोनवर ४०० हर्ट्झचा सूर लावा, बॅलन्स मधोमध ठेवा, आवाज हळू ठेवा आणि वाट बघा. चॅनेल गेला की कशालाही हात न लावता मल्टिमीटर एसी व्होल्टवर घ्या.

मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपने स्पीकरच्या उणे टर्मिनलला अडकवा (७८० मध्ये ते ग्राउंड असतं, इतर सेटमध्ये आधी खात्री करा) आणि लाल वायर एकाच हाताने धरा. दुसरा हात खिशात. टोक घसरलं तर आउटपुट शॉर्ट होईल, त्यामुळे टोकाला दोन मिलिमीटर सोडून बाकीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. मेन्सच्या, म्हणजे घरची वीज आत येते त्या बाजूला जायचंच नाही.

रिलेत जाणाऱ्या दोन्ही चॅनेलचे आकडे बघा, मग बाहेर पडणारे. आत दोन्ही सारखे आणि बाहेर डावा कमी, तर दोष रिलेचा.

इथे मी दोन रविवार घालवले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर काढून ठेवले होते. मीटरने रिलेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे दाखवले, रिले निर्दोष मानला आणि ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर सोल्डरचा एकेक टाका पुन्हा मारत बसलो. चूक साधी होती. स्पीकर नसेल तर कॉन्टॅक्टमधून करंटच वाहत नाही, मग खराब कॉन्टॅक्टवरही व्होल्टेज पडत नाही. स्पीकर जोडलेले असतानाच मोजा. नंतर रिलेचं टोपण काढलं तर एका कॉन्टॅक्टवर तव्यासारखा काळा डाग होता.

रिलेत जातानाच आकडे वेगळे असतील तर मागे सरका. टेप-आउटच्या जॅकवर (मागचा, टेपवर रेकॉर्ड करण्यासाठीचा) दोन्ही चॅनेल मोजा. तिथे सारखे असतील तर दोष त्याच्या पुढे: टेप मॉनिटर, व्हॉल्यूम, बॅलन्स, टोन. आता हात लावायला हरकत नाही. एकेक बटण बोटाने नुसतं हलकं दाबा, ज्याने आवाज परत येतो ते दोषी. एकानेही येत नसेल तर बोर्डावर लाकडी काडीने हलकेच टकटक करा, सुटलेला टाका सापडेल.

दुरुस्ती सोपी आहे. प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरने उतरवा आणि मीटरवर खात्री करा. बटणांत आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा फिरवा. डब्ल्यूडी-४० नको, आणि ट्यूनिंगच्या पत्र्यांच्या कपॅसिटरवर काहीच मारू नका. रिलेला पॉलिश पेपर घासू नका. वरचा चांदीचा थर जातो आणि काही महिन्यांत तक्रार परत येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून ओढा, पट्टीवर काळी रेघ उठायची थांबेपर्यंत. माझं मत विचाराल तर ही निदानाची खात्री झाली, इलाज नाही; रिले बदलाच. कॉइलचं व्होल्टेज जुन्यावर छापलेलं असतं. तेच आणि पायांची तीच मांडणी असलेला नवा आणा.

झाकण लगेच बसवू नका. दोन-तीन संध्याकाळी अगदी हळू आवाजात वाजू द्या. मोठ्या आवाजात सगळेच रिले चांगले वाटतात.