गाडीचं खरं ॲव्हरेज असं काढा

पेट्रोल महागलं की गाडी किती देते हे पाहायला आपण इंधनाच्या काट्याकडे बघतो. तो काटा चढावर एक सांगतो, उतारावर दुसरंच. त्यापेक्षा टाकी ते टाकी हिशोब करा.

१. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पेट्रोल भरा. साइड स्टँडवर टाकी कलते आणि मापच चुकतं. पुढच्या वेळीही तसंच करा.
२. नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद होईल तिथेच थांबायला सांगा. ट्रिप मीटर शून्यावर आणा.
३. निदान २०० किमी नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच टकपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर: २३० किमीला ४.६ लिटर लागलं, तर ॲव्हरेज ५०.

आकडा मागच्यापेक्षा घसरला तर मेकॅनिककडे जाण्याआधी टायर गार असताना हवा तपासा. मग मागचं चाक उचलून हाताने फिरवा. अडखळलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताणलेली आहे.

टाकी गळ्यापर्यंत मात्र कधीच भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं.