पहिल्या सर्व्हरवर माउंट झालं, दुसऱ्यावर अडलं

दोन लिनक्स सर्व्हर, मध्ये एकच सामाइक डिस्क, तिच्यावर ओसीएफएस२, म्हणजे अनेक सर्व्हरना एकच डिस्क एकाच वेळी वापरू देणारी फाइल सिस्टिम. पहिल्या नोडवर (नोड म्हणजे या गटातला एक सर्व्हर) माउंटची, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडण्याची कमांड दिली, झटक्यात झालं. दुसऱ्यावर तीच कमांड, तर बराच वेळ थांबून उत्तर आलं: ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’.

मी डिस्कच्या मागे लागलो. केबल, पार्टिशन सगळं तपासलं. दोन तास पाण्यात. डिस्क तर दोन्हीकडे व्यवस्थित दिसत होती! शेवटी डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश उघडले, तिथे ओ२नेटची (ओसीएफएस२चा नोडना नेटवर्कवरून जोडणारा भाग) तक्रार: दुसऱ्या नोडशी जोडणीच होत नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. ओसीएफएस२ मध्ये नोड जिवंत आहे की नाही याची खूण डिस्कवर लिहिली जाते, पण कुलुपांची, म्हणजे कुठली फाइल कुणी कधी वापरायची याची बोलणी नेटवर्कवरून चालतात. एकटा नोड असेल तर बोलायचं कुणाशी? म्हणून पहिलं माउंट सहज झालं. दुसऱ्याची वाट फायरवॉलने अडवली होती.

दोन्ही सर्व्हरवर ओ२नेट ज्यावरून बोलतं तो टीसीपीचा ७७७७ पोर्ट उघडला, फक्त आपसातल्या आयपींपुरता. फायरवॉल सरसकट बंद करणारे भेटतात, मला ते पटत नाही. हातासरशी क्लस्टर डॉट कॉन्फ, म्हणजे सगळ्या नोडची यादी असलेली फाइल पाहिली. ती सगळीकडे सारखी हवी आणि नोडचं नाव होस्टनेमशी जुळायला हवं. माझं जुळत होतं, नशीब.

पुन्हा कमांड दिली, माउंट झालं. एका नोडवर फाइल तयार केली, दुसऱ्यावर लगेच दिसली. मग एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची फाइल) ‘अंडरस्कोर नेटडेव्ह’ हा नेटवर्कची वाट पाहायला लावणारा पर्याय घातला, नाहीतर रीबूटनंतर नेटवर्क उठण्याआधीच माउंटची घाई व्हायची.