कोल्हापुरातून फॉर्म्युला गाडीचा पहिला हंगाम : हौशी स्पर्धकासाठी मार्गदर्शन

मोटर शर्यत कोल्हापूरला नवी नाही. शहराजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि इथल्या कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत मजल मारली. हे मार्गदर्शन मात्र तेवढ्या लांबचा पल्ला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नाही. नोकरी, शेती किंवा कारखाना सांभाळून ज्याला उघड्या चाकांच्या (म्हणजे एकच आसन आणि चाके अंगाबाहेर असलेल्या) फॉर्म्युला गाडीत एक संपूर्ण हंगाम उतरायचे आहे, त्याच्यासाठी ते आहे. त्यामागचा हिशेब एकच आहे : पहिल्या हंगामात पैसा, रजा आणि अंगातली ताकद ही ट्रॅकवर जास्तीत जास्त लॅप, म्हणजे पूर्ण चकरा, मिळवण्यासाठी खर्च करावी, गाडी वेगवान करण्यासाठी नव्हे. पुढचा प्रत्येक निर्णय या हिशेबावर तपासून घ्यावा.

मालिका आणि परवाना

भारतात फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यती प्रामुख्याने दोन ठिकाणी होतात. एक, कोइमतूरजवळचा सुमारे २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे. भारतीय बनावटीची फॉर्म्युला मारुती ज्यांनी घडवली, त्या एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले आहे. दुसरा, चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा असून २०११ ते २०१३ या काळात तिथे फॉर्म्युला वन झाली, पण नवशिक्याने पहिल्या वर्षी त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

हौशी माणसासाठी एलजीबी फॉर्म्युला फोर हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. या गाडीत स्विफ्टचे १.३ लिटरचे इंजिन असते, गिअर हाताने टाकावे लागतात आणि सुटे भाग देशातच मिळतात. याच जातीच्या गाडीवर अगदी नव्या स्पर्धकांसाठी नोव्हिस कपही भरवला गेला आहे. तो त्या वर्षीच्या वेळापत्रकात असेल तर आधी तोच पाहावा. नावात ‘फोर’ आहे म्हणून तिची गल्लत २०२३ साली सुरू झालेल्या एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक नियामक संस्था) फॉर्म्युला फोरच्या भारतीय मालिकेशी करू नये. त्या मालिकेत फ्रेंच मायगेल बनावटीची, हेलो (डोक्याभोवतीची संरक्षक कमान) बसवलेली गाडी असते, खर्च कितीतरी जास्त असतो आणि ती मुख्यतः याच क्षेत्रात कारकीर्द करू पाहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे.

शर्यतीत उतरण्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा स्पर्धक परवाना लागतो. त्यासाठी वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. हंगाम साधारणपणे वर्षाच्या उत्तरार्धात भरतो, त्यामुळे ही कागदपत्रे उन्हाळ्यातच उरकावीत. नुसता आरटीओचा वाहन परवाना जवळ असून इथे भागत नाही.

गाडी विकत घ्यावी की भाड्याने

कोल्हापूरच्या माणसाला पहिला मोह होतो तो गाडी स्वतः बनवण्याचा किंवा निदान स्वतःची घेण्याचा. उद्यमनगरात लेथवर काय फिरत नाही आणि शिरोलीच्या फौंड्रीत काय ओतले जात नाही, हे त्याला ठाऊक असते. हा आत्मविश्वास खोटा नाही, पण इथे तो गैरलागू आहे. एकाच जातीच्या गाड्यांच्या मालिकेत कोणता भाग बदलता येतो आणि कोणता नाही, हे नियमावलीत ठरलेले असते. मेस्त्रीने मूळ भागापेक्षा सरस ब्रॅकेट करून दिला, तरी तपासणीत तो बसत नाही म्हणून निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय गाडी घेतली की ट्रेलर, हत्यारे, दोन जाणते मेकॅनिक आणि ठेवायला जागा हे सगळे मागोमाग येते. पहिल्या हंगामासाठी एखाद्या संघाकडून तयार गाडी फेरीच्या, म्हणजे मालिकेतल्या एकेका शर्यत-मुक्कामाच्या, हिशेबाने भाड्याने घ्यावी.

संघाशी बोलताना फक्त एकूण रक्कम विचारून थांबू नये. प्रवेश शुल्क, टायर, पेट्रोल आणि शुक्रवारच्या सरावाचे लॅप त्या रकमेत आहेत की वेगळे, हे लेखी घ्यावे. धडक झाली तर मोडतोडीचा खर्च कोणाच्या माथी, चूक समोरच्याची असली तरीही का, आणि इंजिन आपोआप बसले तर काय, हे तीन प्रश्न आधी विचारणारा माणूस संघाला त्रासदायक वाटतो, वाटू द्यावा. माझ्या मते एकूण तरतुदीचा तिसरा हिस्सा मोडतोडीसाठी बाजूला काढून मगच किती फेऱ्या परवडतात हे ठरवावे. चार फेऱ्यांचे पैसे असतील तर तीनच लढवाव्यात आणि उरलेल्या पैशांतून सरावाचे दिवस घ्यावेत.

अंगावरचे सामान

दुचाकीचे हेल्मेट इथे चालत नाही. मोटारशर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला तोंड देणारे असते आणि मानेच्या संरक्षक चौकटीचे पट्टे अडकवण्यासाठी त्यावर खुंट्या बसवण्याची सोय असते. एफआयए ८८५९ किंवा त्याहून वरच्या मानकाचे हेल्मेट, ८८५८ मानकाची मानेची हान्स चौकट आणि ८८५६ मानकाचा सूट, हातमोजे, बूट व आतले कपडे घ्यावेत. नेमकी कोणती आवृत्ती ग्राह्य आहे हे त्या वर्षीच्या नियमावलीत पाहूनच पैसे मोजावेत. जुना सूट घ्यायला हरकत नाही. जुने हेल्मेट मात्र कधीही घेऊ नये, कारण आधी बसलेला मार बाहेरून दिसत नाही.

बैठक

या विषयाकडे जितके दुर्लक्ष होते तितके कशाकडेच होत नाही. फॉर्म्युला गाडीत शरीर हलले की हात स्टिअरिंग फिरवण्याऐवजी ते धरून बसतात, आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून खांदे भरून येतात. म्हणून संघाला बैठक, म्हणजे अंगाच्या मापाचे आसन, ओतून देण्याची विनंती करावी. जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी टबमध्ये (स्पर्धक बसतो त्या पोकळीत) पसरतात, दोन रसायने एकत्र ढवळून तिच्यात ओततात आणि स्पर्धक सूट-बूट घालून लगेच त्यावर बसतो. मिश्रण फुगू लागते, कंबरेखालून वर सरकत बरगड्यांना टेकते आणि पाठीला चांगलेच गरम लागते. ते घट्ट होईपर्यंत पाय पेडलवर आणि हात स्टिअरिंगवर ठेवून अगदी स्थिर बसावे. कोपर थोडे वाकलेले असावे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा ताठ होता कामा नये. या वेळी ओशाळून नीट बसलो नाही, तर हंगामभर वाकडे बसावे लागते. कडा कापून, वर चिकटपट्टी गुंडाळून ही बैठक सोबत ठेवावी, कारण पुढच्या फेरीला गाडी दुसरी मिळाली तरी टबचा आकार तोच असतो.

कोल्हापुरात करायचा सराव

आठवड्याचा सराव कार्टिंगवर भागवावा. कार्टचा पल्ला छोटा असला तरी ब्रेक कुठे सोडायचा आणि समोरच्याच्या चाकामागे किती अंतर ठेवायचे, हे तिथेच अंगवळणी पडते. आपल्याकडचा पाऊस यासाठी फार उपयोगी आहे. कोरड्या ट्रॅकवर ज्या रेषेवर रबर घासून पकड वाढते, तीच रेषा ओली झाली की सर्वांत निसरडी होते. तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाने, जिथे डांबर उघडे आहे तिथून, कार्ट न्यावी. जून ते सप्टेंबर ट्रॅकचालक ओल्यात कार्ट सोडायला तयार असेल, तर ती संधी घालवू नये. दक्षिणेतही ईशान्य मोसमी पाऊस अनेकदा हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांवर येतो.

पन्हाळ्याचा किंवा गगनबावड्याचा घाट हा सरावाचा ट्रॅक नाही, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. त्या वळणावर उसाची बैलगाडी असते आणि धोक्याचा पिवळा झेंडा दाखवणारा कोणी नसतो.

व्यायामाच्या बाबतीत या शहराइतकी सोय क्वचितच कुठे असेल. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसते. मनगट, खांदे आणि मान यांच्यावर सतत ताण येतो. गंगावेश आणि मोतीबाग तालमींच्या गावात मान आणि पकड कशी कमवावी हे सांगणारा वस्ताद शोधत फिरावे लागत नाही. डोक्यावर भार घेऊन करण्याचे प्रकार त्याच्या नजरेखालीच करावेत. एरवी तळहाताने डोक्याला चारी बाजूंनी दाब देऊन मान जागेवर धरण्याचा व्यायाम रोज पुरेसा आहे. आगीपासून वाचवणारा सूट घालून उन्हात बसायचे असल्याने रंकाळ्याभोवतीचे धावणे अधूनमधून सकाळऐवजी दुपारी ठेवावे आणि पाण्याची सवय आधीपासून करावी.

फेरीचे तीन दिवस

चेन्नईची फेरी असेल तर वाट सरळ आहे : कोल्हापूरच्या कडेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट श्रीपेरुंबुदूरवरून जातो आणि ट्रॅक त्याच रस्त्यालगत आहे. कोइमतूरसाठी बंगळूरपासून वाट बदलते. दोन्हीकडे रात्रभर गाडी चालवून सकाळी सरावाला उभे राहू नये. गुरुवारी दुपारपर्यंत पोहोचावे.

शुक्रवारी तपासणी आणि सराव असतो. तपासणीत गाडीबरोबर हेल्मेट आणि सूटवरची मानकांची लेबलेही पाहतात. स्पर्धकांना सूचना देण्याच्या सभेला हजर राहणे सक्तीचे असते. उशीर झाला तर दंड होऊ शकतो. झेंडे पाठ असावेत. एक हलता पिवळा म्हणजे वेग कमी, ओलांडणे बंद. दोन हलते पिवळे म्हणजे थांबण्याची तयारी. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर केशरी ठिपका म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) या. नवशिक्याला सर्वाधिक वेळा निळा दिसतो, म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी ओलांडायला येत आहे. तो दिसताच घाबरून वळणात बाजूला होऊ नये. आपली रेषा धरून सरळ पट्ट्यावर हात दाखवून वाट द्यावी.

पहिल्या वळणाबद्दल विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण उघड्या चाकांची शर्यत बंद गाड्यांच्या शर्यतीहून इथे वेगळी ठरते. आपले पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला पाठीमागून टेकले, तर त्या चाकाची मागची बाजू वर जात असते आणि आपल्या चाकाची पुढची बाजू खाली येत असते. दोन्ही रबरे एकमेकांना धरतात, आपले चाक समोरच्यावर चढते आणि गाडी हवेत उचलली जाते. बंद गाडीत जिथे दार चेपण्यावर भागते, तिथे इथे हंगाम संपतो. म्हणून सुरुवातीला दोन जागा गेल्या तरी चालतील, पण समोरच्या चाकांच्या रेषेत नाक घालू नये. आणि शेजारी गाडी असेल तर पूर्ण एका गाडीची रुंदी सोडावी.

प्रत्येक सत्रानंतर, चहाच्याही आधी, वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या वळणावर ब्रेक कुठे दाबला, गाडी पुढून सरकली की मागून, आणि सर्वांत चांगला व सरासरी लॅप. संघाचा मेकॅनिक ‘गाडी कशी वाटली?’ असे विचारतो, तेव्हा ‘बरी आहे’ या उत्तराने त्याला काहीही करता येत नाही.

हंगामानंतर याच वहीवरून पुढच्या वर्षाचा निर्णय घ्यावा. शर्यतीतला सर्वोत्तम लॅप आणि सरासरी लॅप यांत अजूनही सेकंदाहून जास्त तफावत असेल, तर मोठ्या गाडीचा विचार सोडून त्याच गाडीत आणखी एक हंगाम घ्यावा, आणि भाड्याची बोलणी बाकीचे संघाकडे जाण्याआधी, डिसेंबरातच सुरू करावीत.