दोन देशांतील लठ्ठपणाची तुलना कशी करावी

लठ्ठपणाच्या दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडण्यापूर्वी दोन्हींमागची सीमारेषा एकच आहे का, हे आधी तपासावे. १६५ सेंटिमीटर उंचीची आणि ७० किलो वजनाची व्यक्ती घेऊ. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तिचा बीएमआय २५.७ येतो. जागतिक आरोग्य संघटना ३० पासून आणि चीन २८ पासून लठ्ठपणा मानत असल्याने या दोन्ही मापांनी तिचे वजन फक्त जास्त ठरते. जपानमध्ये आणि भारतीय तज्ज्ञांच्या २००९ मधील निकषांनुसार ही मर्यादा २५ असल्याने तीच व्यक्ती लठ्ठ गणली जाते.

मग मोजलेली माणसे कोण, ते पाहावे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा अधिक आढळला, तर अमेरिकेत २०१७-१८ मध्ये ४२.४ टक्के प्रौढ लठ्ठ निघाले. पहिला आकडा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा, दुसरा २० वर्षांवरील सर्वांचा आणि तोही ३० च्या मर्यादेचा. मर्यादा सारखी केली, तर दोन देशांतले अंतर घटण्याऐवजी वाढते. फोनवर विचारून गोळा केलेली माहिती मात्र प्रत्यक्ष मोजमापाशी ताडूच नये, कारण लोक वजन कमी आणि उंची जास्त सांगतात.

सीमारेषा जुळली तरी शरीरे जुळतातच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या पॉलिनेशियन लोकांत उलटे दिसते. त्याच बीएमआयला त्यांच्या अंगी स्नायू अधिक असतात. म्हणून टोंगा किंवा सामोआचे आकडे वाचताना मधुमेहाचे प्रमाणही सोबत पाहावे.

स्त्रियांचे व पुरुषांचे आकडे वेगळे मागावेत. पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियात मुलींना लग्नापूर्वी सक्तीने खाऊ घालून पुष्ट करण्याची ‘लेब्लूह’ ही प्रथा आहे. तेथील एकत्रित सरासरीत ती झाकली जाते. (आपल्याकडेही ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुकच असते.)

कंबरेचा घेर उपलब्ध असल्यास तोही घ्यावा, मात्र फीत कोठे धरली होती हे पाहूनच: जपानमध्ये बेंबीच्या पातळीवर मोजतात आणि मर्यादा पुरुषांसाठी ८५, स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर आहे, भारतात ती नेमकी उलट्या क्रमाने, पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात.