गिटारच्या पेडलबोर्डची किरकिर शेवटी गेली (माझा अनुभव)

जळगावला आमच्या जुन्या घरात गिटारचा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) चालू केला की दोन आवाज यायचे, एक जाड घूंऽऽ आणि दुसरी बारीक शिट्टी, आणि मी दोन महिने केबलच बदलत बसलो. मग लक्षात आलं की गिटारच्या तारांना हात लावला की घूं कमी होतो. वायरमन काकांना बोलावलं तर घराच्या स्विचबोर्डाला अर्थिंगच नाही! त्यांनी अर्थिंग करून दिलं, घूं बराच गेला. (अँपच्या प्लगची तिसरी पिन कोणी काढत असेल तर प्लीज नका काढू, शॉक जीवावर बेतू शकतो.)

शिट्टी मात्र तशीच. एका ९ व्होल्टच्या अडॅप्टरवरून डेझी चेनने (एकाच वायरला अनेक प्लग) चारही पेडल (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे) चालत होते. ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज जाड-खरखरीत करणारा पेडल) बॅटरी टाकली आणि शिट्टी बंद, एकदम बंद. डिजिटल डिलेचा (प्रतिध्वनी देणारा पेडल) नॉइज सप्लाय आणि ग्राउंडच्या सामाईक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये जायचा आणि तिथे मोठा व्हायचा. आता डिलेला वेगळा अडॅप्टर लावलाय, पण घेताना सेंटर निगेटिव्ह (प्लगचा मधला भाग निगेटिव्ह) आहे का आणि पेडलला लागतात तेवढे मिलीअँप (करंट) देतो का ते बघा भाऊ. काल रात्री गेन (सिग्नल वाढवणारं बटण) फुल ठेवून वाजवलं, इतका स्वच्छ टोन या घरात पहिल्यांदाच ऐकला.