गावातलं जुनं माणूस गेलं की तेराव्याच्या आत काय काय गोळा करून ठेवायचं

गावात एखादं जुनं माणूस गेलं की आता ठरल्यासारखंच होतंय, सकाळी ग्रुपवर फोटो येतो, खाली सगळे भावपूर्ण श्रद्धांजली टाकतेत, दुपारपर्यंत स्टँडवर फ्लेक्स लागतो. ते करा, त्याला काही म्हणणं नाही. पण त्या माणसाचं आयुष्य पाच-सहा जणांच्या डोक्यात थोडं थोडं वाटून राहिलेलं असतंय, शेजारीण, जोडीदार, सासरी गेलेली लेक, सोबत मजुरीला गेलेलं कुणीतरी, आणि हे सगळे एका ओसरीवर फक्त तेराव्यापर्यंतच बसतेत. तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाड्या सुटल्या, लेकी सासरी गेल्या, संपलं. म्हणून जे करायचं ते त्याच दिवसांत करा, नंतर सवडीनं बघू म्हणलं की होत नाही.

पहिलं काम घरच्यांना विचारणं. तिसऱ्याची राख सावडून झाली की घरातल्या मोठ्या बाईला बाजूला घेऊन सरळ सांगा, काकू, आण्णांचं सगळं लिहून ठेवावं म्हणतोय, चालंल का. नको म्हणल्या तर विषय तिथंच सोडा. हो म्हणल्या तर बहुतेक त्याच सांगतेत कुणाला विचारायचं ते. थोरल्या पोरावर सगळं सोडू नका, तो बऱ्याचदा नोकरीला लवकर बाहेर पडलेला असतो, त्याला बापाच्या म्हातारपणाचं माहीत असतंय, तरणेपणाचं नसतंय.

विचारायचं कसं हे सगळ्यात महत्त्वाचं. "ते कसे होते?" असं विचारलं की "लई चांगले होते, देवमाणूस" एवढंच येणार आणि सगळे गप्प बसणार. कामाचं विचारा. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होते, खडी फोडायला का पाझर तलावाला, सुकडी म्हणजे दुष्काळात वाटायचे ते कोरडं खाणं घरी कोण आणायचं, मिलोची म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी लेकरं खायची का. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पिढीच्या कुठल्याही माणसाला बहात्तर म्हणलं की तोंड उघडतंय. वस्तू समोर ठेवली तर अजून चांगलं. आमच्या गल्लीत एक आजी होत्या, गावातली बाळंतपणं त्याच करायच्या, त्या गेल्यावर पाचव्या का सहाव्या दिवशी लेकीनं त्यांची चंची उघडली तर आत अडकित्ता, चुन्याची डबी, सुपारीची दोन खांडं आणि पांढऱ्या दोऱ्याची एक छोटी गुंडाळी. लेक म्हणली, हा नाळ बांधायचा दोरा, रात्री-अपरात्री कुणाचं बोलावणं आलं तर हुडकत बसायला नको म्हणून आई जवळच ठेवायची. तो दोरा बघितल्यावर बसलेल्या बाया एकेक करून सांगायला लागल्या, माझा थोरला त्यांच्याच हातावरचा, माझी दोन्ही त्यांच्याच हातावरची, संध्याकाळपर्यंत वहीची पानंच्या पानं भरली. असं प्रश्न विचारून कधीच निघालं नसतं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट नक्की करा, माहेरचं नाव आणि गाव लिहून घ्या. लग्नात नाव बदललेलं, पुढं सगळा गाव अमक्याची आई म्हणूनच ओळखतो, फ्लेक्सवर गं. भा. लिहून सासरचं नाव येतं, आणि नातवाला आजीचं पाळण्यातलं नाव ठाऊक नसतंय. हे मला फार लागतं. माहेरच्या भावकीतलं कुणी भेटायला आलं असेल तर त्यांना गाठा.

वयाचं म्हणाल तर आधारवरच्या तारखेवर जाऊ नका, कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा मग शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून असते. खुणेवरून काढा. बार्शी-अक्कलकोटकडच्या हद्दीवरच्या गावात रझाकाराचं विचारा, १९४८ ला चालते-बोलते होते का कडेवर होते. बहात्तरला लग्न झालेलं का, लेकरं किती होती. उजनीचं धरण १९८० ला झालं, त्यात गाव गेलं असेल तर जुनं गाव सोडताना कोण केवढं होतं ते सगळ्यांना आठवतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, त्या पहाटे कोण कुठं झोपलं होतं हे अजून सांगतेत. घराण्याचा हेळवी, म्हणजे पिढ्यांची नावं सांगत गावोगाव फिरणारा, येत असेल तर वंशावळ त्याच्याकडं मिळंल.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल बास. फ्लाईट मोडवर टाका, फॅन बंद करा, हातात धरू नका, बोलणाऱ्याजवळ एखाद्या घडी घातलेल्या टॉवेलावर ठेवून द्या आणि विसरून जा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात कोण बोलतंय, कुठलं गाव, तारीख एवढं सांगा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं म्हातारी माणसं कन्नड बोलत असतील तर कन्नडमध्येच बोलू द्या, मराठीत सांगा म्हणलं की निम्मं गळून जातं. मध्ये रडू आलं तर थांबा, चहा होऊ द्या.

फोटोचं थोडक्यात. भिंतीवरच्या जुन्या फोटोचा फोटो ट्यूबखाली काढू नका, काचेवर चमक येते, अंगणात सावलीला आणून काढा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन जातो. आणि फोटोतल्या सगळ्यांची नावं आत्ताच विचारून घ्या.

ह्या गडबडीत ग्रामपंचायतीतली मृत्यूची नोंद राहू देऊ नका, २१ दिवसांच्या आत करायची असते.

तेराव्याला कीर्तन-प्रवचन असतंय, त्याच्या आधी अर्धा तास मागून घ्या. आणि भाषणं सरपंचापासून सुरू करू नका. एकदा पुढाऱ्याच्या हातात माईक गेला की शेजारणीला काही तो मिळत नाही. आधी शेजारीण, मग सोबती, मग लेक किंवा नातू, दोन-दोन मिनिटं. ज्यांना उभं राहून बोलता येत नाही त्यांचं तुम्ही वहीतनं वाचून दाखवा, त्यांच्याच शब्दांत. बायकांना मागं बसवू नका.

जमिनीचे वाद, उसनवारी, भावकीतली भांडणं कानावर येतीलच, ती वाचायच्या कागदात घ्यायची नाहीत. लिहिलेलं सगळं आधी घरच्यांना वाचून दाखवा, जे नको म्हणतील ते काढा.

शेवटी एक प्रत घरच्यांना, एक शाळेत, वाचनालय असेल तर तिथं एक, आवाजाच्या फाईली पेनड्राईव्हवर टाकून दोन वेगळ्या घरांत. नावानं झाड लावणार असाल तर लावायच्या आधी मार्च ते जून पाणी कोण घालणार ते ठरवा, आपल्याकडचं ऊन माहीत आहे. आणि वर्षश्राद्धाला माणसं कमीच येतेत, त्यामुळं राहिलेलं विचारायला गावची जत्रा धरा, तेव्हा बाहेरगावचे सगळे घरी असतेत. वही सोबत घेऊन जा.