स्तोत्र ९१ चा अर्थ कसा लावावा

बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या या ९१ व्या स्तोत्राची सोळाही वचने प्रथम एका बैठकीत मोठ्याने वाचावीत. मग पेन्सिलीने बोलणारा कोठे बदलतो ते टिपावे: पहिल्या दोन वचनांत भक्त आपला विश्वास सांगतो, ३ ते १३ मध्ये त्याला कोणीतरी धीर देते आणि १४ पासून स्वतः देव बोलतो. स्तोत्र कोणी रचले या वादात वेळ घालवू नये, कारण हिब्रू पाठात रचणाऱ्याचे नावच नाही.

चौथ्या वचनातील ‘पाखर घालील’ या शब्दांवर मात्र थांबावे. घार घिरट्या घालू लागली की कोंबडी पंख पसरते आणि पिले आत शिरतात. पण तेवढ्याने घार आभाळातून नाहीशी होत नाही. हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

खरी अडचण ७ व्या आणि १० व्या वचनांत आहे. बाजूला हजारो पडले तरी तुला काही होणार नाही, तुझ्यावर अरिष्ट येणार नाही आणि तुझ्या तंबूजवळ व्याधी येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर ओसरल्यावर कोल्हापुरातील एका घरी आम्ही प्रार्थनेला जमलो होतो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. त्या घरातल्या मावशींनी दहाव्या वचनावर बोट ठेवून विचारले, “असं लिहिलंय, मग पाणी आत कसं आलं?” विश्वास कमी पडला असेल, असे मी म्हणालो. त्यांनी काही न बोलता पुस्तक मिटले. ते उत्तर चुकीचे होते आणि क्रूरही होते; कोणीही ते कोणाला देऊ नये.

दहावे वचन पंधराव्यापासून तोडून वाचल्यामुळे माझी ती चूक झाली. पंधराव्यात देव संकटसमयी त्याच्याजवळ राहीन म्हणतो, म्हणजे भक्तावर संकट येणार हे स्तोत्राने धरलेलेच आहे. वचन तोडण्याचा धोका मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट दिसतो: मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान येशूला याच स्तोत्राच्या ११ व १२ या वचनांच्या आधारे सांगतो, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळतो. ‘परमेश्वराची परीक्षा पाहू नको’ या, बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनाने येशू त्याला उत्तर देतो. म्हणून स्तोत्र लिहून चौकटीला चिकटवा, इतक्या वेळा म्हणा म्हणजे काही होणार नाही, असा सल्ला मी मुळीच मानत नाही. आणि नदी इशारा पातळीकडे चढत असताना या स्तोत्राच्या भरवशावर घरात बसून राहणे म्हणजे तीच उडी आहे.

रुग्णाच्या उशाशी वाचायचे असल्यास सातव्या वचनापासून सुरुवात करू नये. आधी १४ ते १६ सावकाश वाचावे, मग पहिल्या वचनाकडे यावे, आणि रुग्णाने प्रश्न विचारलाच तर घाईने उत्तर न देता पंधरावे वचन पुन्हा वाचावे.